रोझेट: भिंतीवरच्या डबीतले दोन तारांचे काम

फोन बंद पडला की पहिला संशय बाहेरच्या खांबावर जातो. कुठेतरी रस्ता खणला असेल, केबल तुटली असेल, आता लाइनमन येईल तेव्हा खरे, असे म्हणून माणूस रिसिव्हर ठेवतो आणि मोबाइल उचलतो. पुष्कळदा दोष खांबावर नसतोच. तो घरातच असतो. खुर्चीच्या पाठीने नाहीतर कपाटाच्या कोपऱ्याने ठेचलेली एक छोटी पांढरी डबी भिंतीवर असते, तिच्यात. टेलिफोन खात्यातली माणसे तिला रोझेट म्हणतात. दुकानात ‘फोनचा सॉकेट’ म्हटले तरी मिळते. ती बदलणे हे फार तर पंधरा-वीस मिनिटांचे काम. वेळ जातो तो दोष डबीच्या अलीकडे आहे की पलीकडे हे ठरवण्यात, आणि ते ठरवल्याशिवाय नवी डबी विकत आणण्यात काही अर्थ नाही.

लँडलाइन आता राहिली कुठे, असे कुंभारीत कुणी विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. सोलापूरहून अक्कलकोट रस्त्याने निघाले की लागणारे, दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव गेल्या वीस वर्षांत कुठल्या कुठे पसरले. कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाच्या वसाहतीतली विडी कामगार महिलांची १० हजार घरे २००६ साली तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिली गेली. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते इथल्याच रे नगर वसाहतीतल्या ३० हजारांपैकी पहिली १५ हजार घरे कामगारांना मिळाली. ही सगळी मोबाइलच्या जमान्यातली घरे. देशात मोबाइलची संख्या लँडलाइनच्या पुढे गेली ती २००४ सालीच. त्यामुळे या घरांत रोझेट शोधायला जाऊ नये. पण जुनी घरे, दवाखाने, पतसंस्था, शाळांची ऑफिसे इथे ती अजून भेटते. शिवाय गावात वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय आहे, आणि अशा कुठल्याही मोठ्या आवारात इंटरकॉम हा आलाच. इंटरकॉमची डबी हीच, तारा दोनच, दोषही तेच. फक्त त्या तारांचे दुसरे टोक त्याच इमारतीतल्या ईपीएबीएक्स यंत्रात असते.

हत्यार हातात घेण्याआधी या दोन तारांत काय चालते ते पाहून घेऊ. एक्स्चेंजमध्ये बॅटऱ्यांचा मोठा संच असतो आणि तो प्रत्येक जोडीवर सुमारे ४८ व्होल्टचा डीसी दाब ठेवतो. ही जोडी जमिनीखालच्या केबलमधून रस्त्याकडेच्या पिलरपर्यंत, तिथून खांबावरच्या डीपीपर्यंत (तारा वाटणाऱ्या पेटीपर्यंत) आणि डीपीपासून ड्रॉप वायरने तुमच्या भिंतीपर्यंत येते. रिसिव्हर जागेवर असताना फोनच्या आतले सर्किट तुटलेले असते, प्रवाह वाहत नाही. रिसिव्हर उचलला की सर्किट जुळते, साधारण २० ते ४० मिलिअँपिअर प्रवाह वाहू लागतो आणि तारांवरचा ४८ व्होल्टचा दाब उतरून दहाच्या आसपास येतो. ‘या घरी कुणीतरी फोन उचलला’ हे एक्स्चेंजला एवढ्यावरूनच कळते, आणि ते डायल टोन सोडते. फोन येतो तेव्हा याच तारांवर सुमारे ७५ व्होल्टचा, सेकंदाला २५ आवर्तनांचा एसी प्रवाह पाठवून घंटी वाजवली जाते. फोनला लागणारी सगळी वीज एक्स्चेंजमधून येते, म्हणून लोडशेडिंगच्या काळात सगळे घर अंधारात बुडालेले असतानाही काळा डबडा फोन खणखणत असे. कॉर्डलेस फोनचे तसे नाही; त्याच्या बैठकीला घरची वीज लागते. लाइट गेल्यावर कॉर्डलेस बंद पडला म्हणून रोझेट उघडून बसू नका.

४८ व्होल्टचा दाब कोरड्या हाताला सहसा जाणवतही नाही. काम चालू असताना नेमका फोन आला आणि दोन्ही उघड्या तारा बोटांत असल्या, तर मात्र ७५ व्होल्टचा चांगला झटका बसतो. सहसा जिवावर बेतत नाही, पण माणूस शिडीवर असेल तर शिडीवरून पडायला तेवढे पुरते. म्हणून पायात चप्पल असू द्या, हात कोरडे ठेवा आणि एका वेळी एकाच तारेला हात लावा. घरात दुसऱ्या खोलीत चालू फोन असेल तर त्याचा रिसिव्हर काढून बाजूला ठेवा. लाइन गुंतलेली राहते, घंटी येतच नाही. छातीत पेसमेकर असलेल्यांनी हे काम दुसऱ्याला सांगावे. आणि एप्रिल-मेमध्ये दुपारनंतर आभाळ भरून आले, वळीव येणार असे दिसले, तर तेवढा दिवस फोनला हातच लावू नये. खांबावरून येणारी तार विजेला थेट घरात आणू शकते.

विजेच्या टेस्टरबद्दलही एक समज दूर करायला हवा. पुष्कळ जण फोनच्या तारेला टेस्टर लावतात, दिवा लागत नाही आणि ‘लाइनच नाही’ असा निकाल देतात. टेस्टरमधला निऑनचा दिवा ४८ व्होल्टवर लागतच नाही, तेव्हा त्याच्या न लागण्यावरून काहीच सिद्ध होत नाही. उलटा उपयोग मात्र मोठा आहे. फोनच्या तारेवर टेस्टर लख्ख आणि सतत पेटला, तर कुठेतरी घरातली २३० व्होल्टची वायर तिला चिकटली आहे. मग तिथेच थांबायचे, मेन स्विच बंद करायचा आणि वायरमनला बोलवायचे. माझ्या मते रोझेट उघडल्यावर टेस्टरचे एवढे एकच काम.

आता दोष शोधण्याकडे वळू. सगळ्यात स्वस्त उपाय आधी: फोन आणि त्याची वायर तपासा. वायरच्या टोकाला जो पारदर्शक प्लग असतो त्याला एक नाजूक जीभ असते. ती आत गेल्यावर टक् असा आवाज होतो आणि प्लग अडकतो. ही जीभ हमखास मोडते. मग प्लग आत बसल्यासारखा दिसतो, पण अर्धा मिलिमीटर मागे सरकतो आणि फोन कधी लागतो, कधी लागत नाही. अशा वेळी बिचाऱ्या डबीवर आळ येतो. शेजाऱ्याकडचा चालू फोन त्याच्या वायरसकट आणा आणि आपल्या रोझेटला लावून पाहा. तो वाजला तर डबी निर्दोष, तुमचा फोन किंवा वायर बदला.

तरीही आवाज नसेल तर डबी उघडायची. बहुतेकींचे झाकण एका स्क्रूवर असते, काहींचे नुसते दाबून बसवलेले. आत दोन गोष्टी दिसतील: बाहेरून आलेल्या तारा जिथे आवळल्या आहेत ते स्क्रू, आणि तिथून सॉकेटकडे गेलेल्या रंगीत बारीक तारा. हीच ती सीमा. स्क्रूच्या अलीकडचे घर तुमचे, पलीकडची तार टेलिफोन कंपनीची.

मल्टिमीटर असेल तर तो डीसी व्होल्टवर, १००च्या वरच्या पट्टीवर लावा आणि दोन्ही टोके त्या दोन स्क्रूंना टेकवा. सगळे फोन जागेवर ठेवलेले असताना ४८च्या आसपास आकडा आला, दोन-चार इकडेतिकडे, तर बाहेरची लाइन शाबूत आहे आणि दोष सॉकेटमध्ये. आकड्यापुढे उणे चिन्ह आले तर घाबरायचे कारण नाही, टोके उलटी लागली एवढेच. शून्य आले तर घाईने निष्कर्ष काढू नका. आतल्या खोल्यांकडे गेलेल्या तारा स्क्रूवरून सोडवा, फक्त बाहेरून आलेली जोडी ठेवा आणि पुन्हा मोजा. आता ४८ आले तर बाहेर सगळे ठीक. घरातच कुठेतरी दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत, बहुधा खिळ्याखाली किंवा दाराच्या चौकटीत चेपल्या आहेत. अजूनही शून्यच असेल तर दोष खांबाकडे आहे, आणि तक्रार नोंदवणे एवढेच आपल्या हाती. तिसरी शक्यता लोक विसरतात: आकडा येतो, पण आठ किंवा दहा. म्हणजे कुठेतरी एखादा फोन उचललेला राहिला आहे, नाहीतर डबीत ओल शिरून तारांमधून प्रवाह झिरपतो आहे. सारवताना, पुसताना भिंतीच्या तळाशी असलेल्या डबीत पाणी जाणे ही काही दुर्मीळ गोष्ट नव्हे.

मल्टिमीटर नसेल तर चालू फोनची एक जुनी वायर कापून तिच्या मधल्या दोन तारा सोला, त्या स्क्रूंना टेकवा आणि कान लावा. डायल टोन आला की उत्तर मिळाले. तक्रार करताना ‘रोझेटवर, आतले कनेक्शन सोडवून तपासले, टोन नाही’ असे सांगता आले की पलीकडच्या माणसाचाही अर्धा वेळ वाचतो.

डबी मरते कशाने, हे तिच्या पोटात पाहिल्यावर कळते. आमच्या भागातल्या जुन्या डबीचे झाकण काढले की आधी धूळ सांडते, मग मेलेल्या मुंग्या, आणि कधी पालीच्या अंड्याची टरफले. ती फुंकून टाकल्यावर स्क्रूकडे नीट बघा. एका स्क्रूभोवती हिरवट पावडर जमलेली असते, दुसरा त्या मानाने स्वच्छ. तांब्याच्या भांड्यात आंबट ठेवले की कळकते, तसेच हे. पण एकच स्क्रू का? टेलिफोनच्या व्यवस्थेत बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते आणि दुसरी तार जमिनीपेक्षा ४८ व्होल्टने ऋण ठेवतात. ही योजना मुद्दाम केलेली आहे, कारण ऋण बाजूचे तांबे ओलीत विरघळत नाही आणि जमिनीखालची केबल टिकते. डबीत मात्र दोन्ही तारा बोटभर अंतरावर शेजारी शेजारी आहेत. दोघींमध्ये ओल आणि धुळीचा थर आला की धन तारेचे तांबे हळूहळू खाल्ले जाते. ती बारीक होत होत स्क्रूच्या अगदी तोंडाशी तुटते, आणि वरून बघावे तर स्क्रूखाली तार दिसतेच. बोटाने हलकेच ओढून बघा, सुटून हातात येईल.

दुसरा मृत्यू सॉकेटच्या तोंडाचा. आत टॉर्च मारून पाहा: सोनेरी रंगाच्या बारीक तारा एका रांगेत, तिरक्या उभ्या दिसल्या पाहिजेत. त्यांतली एखादी वाकून शेजारणीखाली गेली असेल, किंवा काळी पडून आडवी झाली असेल, तर ती सुईने सरळ करण्याच्या फंदात पडू नये. करता येते, पण महिनाभर टिकते. बाकी मग प्लास्टिक. सोलापूरच्या उन्हाळ्यात पश्चिमेच्या भिंतीवरची डबी काही वर्षांत पापडासारखी कडक होते आणि कुणाचा तरी धक्का लागला की फुटते.

नवी डबी घेताना आरजे-११ म्हणून मागा. हे नाव अमेरिकेतले आहे. तिथल्या दूरसंचार आयोगाने १९७६ साली ग्राहकाला स्वतःचा फोन स्वतः जोडता यावा म्हणून नोंदणीकृत जोडण्यांची पद्धत सुरू केली, त्यातला हा एक प्रकार. त्याआधी फोन बहुतेकदा भिंतीला कायमचा जखडलेला असे. आपल्याकडच्या जुन्या रोझेटमध्येही फोनची दोरी स्क्रूखालीच आवळलेली असायची, काढता-घालता येत नसे. दुकानात दोन प्रकार दिसतील. एक, मागे दुहेरी चिकटपट्टी लावलेला, हलका. तो घेऊ नये. आमच्याकडच्या उन्हाळ्यात पट्टीचा डिंक सैल होतो आणि चुन्याच्या भिंतीवर तर ती मुळातच धरत नाही. दुसरा, ज्याला भिंतीत स्क्रू मारायला भोके आहेत आणि आत पितळी स्क्रू व वायसर आहेत, तो घ्या. इंटरनेटच्या केबलचा रुंद सॉकेट चुकून आणू नका. त्यात फोनचा प्लग शिरतो खरा, पण कडेच्या तारा वाकवतो.

जुनी डबी सोडवण्याआधी मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा. कुठली तार कुठे होती हा वाद मग होत नाही. मग जुने टोक सरळ कापून टाका, कळकलेला तुकडा वाचवत बसू नका. भिंतीतून आलेली तार फारच आखूड असेल तर मात्र हा मोह आवरणे अवघड जाते. अशा वेळी काचकागदाने तांबे लाल होईपर्यंत घासा. ताज्या टोकावरचे प्लास्टिक दीडएक सेंटिमीटर सोला. दाताने सोलण्याची आपल्याकडे फार हौस आहे. दातही जातो आणि तारेवर खाचही पडते, आणि जिथे खाच तिथे ती पुढे तुटणारच. ड्रॉप वायर तर ताठ असते. एकाच जागी दोन-चारदा वाकवली की मोडते. ब्लेड तारेच्या लांबीच्या दिशेने, पेन्सिल तासताना धरतात तसे तिरके धरले तर तांब्याला धक्का लागत नाही.

सोललेल्या टोकाचा अर्धा फास करून तो स्क्रूभोवती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घाला. स्क्रू आवळताना त्याच दिशेने फिरतो आणि फास घट्ट होत जातो. उलटा घातला तर आवळताना तार बाहेर ढकलली जाते. वायसरखाली फक्त तांबे गेले पाहिजे, प्लास्टिक नाही. नवशिक्याच्या हातून नेमके इथे प्लास्टिक चेपले जाते आणि वरून घट्ट वाटणारा स्क्रू आत काहीच पकडत नाही. आता कुठली तार कुठे? सॉकेटमधून सहसा चार रंगांच्या तारा निघतात: लाल, हिरवी, पिवळी, काळी. फोनला लागतात त्या मधल्या दोन, बहुतेक सॉकेटमध्ये लाल आणि हिरवी. पण बाजारातल्या मालाचा रंगांवर भरवसा ठेवू नये. सॉकेटच्या तोंडात मधल्या दोन सोनेरी तारा कुठल्या रंगाला जातात ते डोळ्यांनी पाहून घ्या. बाहेरच्या जोडीतली एक तार लालच्या स्क्रूवर, दुसरी हिरवीच्या. उलट लागली तरी आजचे फोन चालतात. पिवळी आणि काळी मोकळी राहू द्या, पण त्यांची उघडी टोके टेपने झाका.

डबी भिंतीवर बसवताना दोन गोष्टींकडे लक्ष द्या. जागा स्विचबोर्डला चिकटून नको, आणि फोनची वायर विजेच्या पाइपातून तर मुळीच नेऊ नये. लाइनवर घरघर येते आणि धोका वेगळाच. दुसरे, वायर डबीत खालच्या बाजूने शिरवा. बाहेरून येणाऱ्या वायरला भिंतीच्या भोकाआधी खाली थोडा झोल द्या, म्हणजे तारेवरून ओघळणारे पावसाचे पाणी झोलाच्या टोकाशी गळून पडते, घरात येत नाही. पक्क्या भिंतीत ड्रिलने भोक पाडून प्लास्टिकची गिट्टी पुरते. दगडमातीच्या जुन्या भिंतीत गिट्टी फिरत राहते. तिथे लाकडी गट्टू ठोकून त्यात स्क्रू मारावा, किंवा सरळ दाराच्या चौकटीवर डबी बसवावी. झाकण लावण्याआधी आत वायरचे एक लहान वेटोळे ठेवून द्या, पुढच्या वेळी कापायला तार उरेल.

नंतर टोन ऐका, मोबाइलवरून त्या नंबरला फोन करून घंटी वाजते का पाहा, आणि बोलता बोलता प्लग हलकेच हलवा. खरखर आली तर स्क्रू पुन्हा बघायचे.

त्याच तांब्याच्या लाइनवर ब्रॉडबँड असेल तर हे काम जास्तच नीट करावे लागते. बोलणे चालते ते ३०० ते ३४०० हर्ट्झच्या पट्ट्यात, इंटरनेट त्याच्या कितीतरी वर, दहा लाख हर्ट्झच्याही पुढे जाणाऱ्या पट्ट्यात. बोलण्याला सैल स्क्रू चालून जातो, इंटरनेटला चालत नाही. मोडेमचा दिवा सारखा लुकलुकतो आणि लोक कंपनीला शिव्या देतात. बाहेरची जोडी पहिल्या रोझेटवर आली की लगेच तिथे स्प्लिटर लावायचा: लाइन लिहिलेल्या तोंडात रोझेटची वायर, फोनच्या तोंडात फोन, मोडेमच्या तोंडात मोडेम. स्प्लिटरच्या आधी मध्येच फांदी काढून दुसऱ्या खोलीत फोन नेला असेल तर त्यालाही वेगळा फिल्टर लागतो.

आता बऱ्याच ठिकाणी तांबे जाऊन फायबर आला आहे. नंबर तोच राहतो, पण फोन भिंतीच्या रोझेटला न लावता फायबरच्या डब्याच्या मागे, फोन लिहिलेल्या तोंडात लावायचा असतो. घरातली जुनी वायरिंग चांगली असेल तर ती वाया जाऊ देण्याचे कारण नाही. फायबरच्या डब्यातून एक साधी फोनची वायर जुन्या रोझेटमध्ये घाला, खोल्याखोल्यांतले जुने सॉकेट पुन्हा जिवंत होतात. त्याआधी एक काम न चुकता करायचे: खांबावरून आलेल्या ड्रॉप वायरच्या दोन्ही तारा रोझेटच्या स्क्रूवरून सोडवून वेगवेगळ्या टेपने गुंडाळायच्या. फायबरचा डबा स्वतःच तारांवर दाब आणि घंटी सोडतो. बाहेरची जुनी लाइन तशीच जोडलेली राहिली तर दोन्हीकडची वीज एकमेकींवर येते आणि डबा जळू शकतो. फायबरच्या पिवळ्या किंवा काळ्या बारीक केबलला मात्र हात लावू नका, तिचे टोक उघडून डोळ्यासमोर धरू नका. आतला लेझरचा प्रकाश डोळ्याला दिसत नाही, पण इजा करू शकतो. या व्यवस्थेत एक्स्चेंजची बॅटरी घरापर्यंत पोचत नाही, त्यामुळे लाइट गेली की फोनही जातो. दवाखान्यासारख्या जागी फायबरच्या डब्याला छोटा यूपीएस जोडून घ्यावा, आणि जोडण्याआधी डब्याच्या अॅडाप्टरवर लिहिलेले व्होल्ट वाचून त्याच मापाचा मागावा.